पगारी कान : शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्लिश नाटकांतले हेर आणि खबरे

नेपथ्य

'हॅम्लेट'च्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. प्रयोगात वेळ वाचवायचा असला की बहुधा त्याच्यावरच कात्री चालते. राजाचा मंत्री पोलोनियस आपल्या रेनाल्डो नावाच्या माणसाला पॅरिसला पाठवतो. वरकरणी काम साधं आहे, मुलाला पैसे आणि पत्रं पोचवायची. खरं काम वेगळं. लेअर्टीझला भेटण्याआधी तिथल्या डेन्मार्कच्या लोकांत मिसळायचं आणि त्याच्याबद्दल आपणच थोडं वाईटसाईट बोलायचं. जुगार खेळतो, शिव्या देतो, मारामाऱ्या करतो, बायकांकडे जातो. मग समोरचा 'हो, मीही पाहिलंय' म्हणतो का ते बघायचं. खोट्याचं आमिष लावून खऱ्याचा मासा गळाला लावायचा, असं म्हातारा स्वतःच समजावून सांगतो. रेनाल्डो पुढे पुन्हा दिसत नाही, आणि कथानक त्याच्यावाचून अडतही नाही.

तरीही मला हा प्रसंग काढून टाकणं पटत नाही, कारण एल्सिनोर, म्हणजे हॅम्लेटचा राजवाडा, कसलं घर आहे ते इथे कळतं. बाप मुलावर माणूस सोडतो. लगेच पुढच्या प्रसंगात राजा-राणी हॅम्लेटच्या दोन बालमित्रांना त्याच्यावर सोडतात. मग मुलीला पुढे करून बाप आणि राजा आडोशाला उभे राहतात, आणि हा राजा, क्लॉडियस, त्या आडून ऐकण्याला 'कायदेशीर' असं विशेषण लावतो. शेवटी राणीच्या खोलीतल्या पडद्यामागे पोलोनियस मरतो. नाटकाचं पहिलं वाक्यच पहारेकऱ्याने अंधारात विचारलेलं 'कोण आहे?' हे आहे.

गेले काही महिने मी साधारण १५८७ ते १६१४ या काळातली इंग्लिश नाटकं फक्त या एका अंगाने पुन्हा वाचतो आहे. त्यातून एक गोष्ट ठामपणे वाटू लागली आहे. या नाटकांतला हेर हा सगळ्यात आधी नोकरी शोधणारा माणूस आहे. तो शिकलेला आहे, हुशार आहे, गरजू आहे, आणि त्याला सांगितलेलं आहे की हे एवढं काम कर, मग तुझं भलं होईल. ते भलं कधी होत नाही. नाटककार त्या माणसाला इतक्या जवळून ओळखतात, कारण तो त्यांच्याच गल्लीत राहत होता.

मागची परिस्थिती थोडक्यात. सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम १५७३ मध्ये एलिझाबेथ राणीचा सचिव झाला आणि १५९० मध्ये मरेपर्यंत त्याने हेरांचं जाळं चालवलं. आजच्यासारखं गुप्तहेर खातं, त्याची भरती, त्याचं पेन्शन असं काही नव्हतं. काम केलं, बातमी आणली, की पैसे. तेही मागून, विनवण्या करून. सांकेतिक पत्रं उलगडायला टॉमस फेलिप्स होता, पत्राचं सील न कळता उघडून पुन्हा बसवायला आर्थर ग्रेगरी. १५८६ मध्ये चार्टली इथे कैदेत असलेल्या स्कॉटलंडच्या मेरीची पत्रं बिअरच्या पिंपातून आत-बाहेर होत होती, आणि प्रत्येक पत्र आधी फेलिप्सच्या हाताखालून जात होतं. त्यातून एलिझाबेथला मारून मेरीला गादीवर बसवण्याचा अँटनी बॅबिंग्टनचा कट उघडा पडला आणि ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला.

या प्रकरणातला मला न सोडणारा माणूस म्हणजे रॉबर्ट पोली. तो बॅबिंग्टनचा जिवलग मित्र बनून राहिला. पकडलं जाण्याच्या सुमारास बॅबिंग्टनने त्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो, तू मला वाटतोस तसा खरा असशील तर माझ्या लाडक्या रॉबिन, निरोप घेतो. आणि नसशील तर दोन पायांच्या सगळ्या प्राण्यांत तू सर्वांत नीच. त्या क्षणीही त्याला नक्की कळलेलं नव्हतं. पोलीला बक्षीस काय मिळालं, तर त्यालाही लंडनच्या टॉवर तुरुंगात टाकलं आणि तो सुमारे दोन वर्षं तिथे होता.

हाच पोली ३० मे १५९३ रोजी लंडनजवळ डेटफर्डला एलेनॉर बुलच्या घरी नाटककार ख्रिस्तोफर मार्लोबरोबर बसलेला होता. सोबत इन्ग्रम फ्रायझर आणि निकोलस स्कीअर्स. संध्याकाळी खाण्यापिण्याच्या हिशेबावरून भांडण झालं आणि फ्रायझरचा सुरा मार्लोच्या डोळ्याच्या वर घुसला, असं चौकशीच्या कागदात लिहिलं आहे. महिन्याभरात फ्रायझरला माफी मिळाली. तो चौकशीचा कागद लेस्ली हॉटसनने शोधून १९२५ मध्ये छापला. तोवर सव्वातीनशे वर्षं नुसत्या दंतकथा होत्या.

आता नाटकांकडे. माझ्या मते या सगळ्याचा कळस वेबस्टरच्या 'डचेस ऑफ माल्फी'मधला बोसोला आहे. पण ते पुढे बोलू. तुम्हाला या काळातले कोणते हेर आठवतात?

सदाफुली

धागा आवडला. रेनाल्डोचा प्रसंग मी अभ्यासाला असताना 'गाळा, परीक्षेला येत नाही' म्हणून गाळला होता, आज पुन्हा वाचला.

रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्नबद्दल तुमचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. राणी त्यांना काय सांगते? राजाला शोभेल असा मोबदला मिळेल. आणि हॅम्लेट त्यांना पहिल्या भेटीतच विचारतो, तुम्हाला बोलावून घेतलं ना? ते चाचरतात आणि मग कबूल करतात. मला त्या दोघांची कीवच येते. पुढे हॅम्लेट एकाला तोंडावर म्हणतो की तू स्पंज आहेस, राजाची मर्जी शोषून घेतोस, आणि गरज पडली की राजा तुला पिळून कोरडा करील. शेवटी इंग्लंडला स्वतःच्याच मृत्यूचा हुकूम घेऊन जातात, आणि त्यांच्या मृत्यूची वार्ता आणणाऱ्या वकिलाला धन्यवाद द्यायला राजाही जिवंत नसतो.

तर्कटराव

लेख चांगला आहे, पण दोन ठिकाणी मला थांबवावंसं वाटतं.

एक. मार्लो हेर होता हे आपण इतकं गृहीत धरतो की पुरावा काय आहे ते विसरतो. २९ जून १५८७ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राणीच्या मंत्रिमंडळाचा, ठराव आहे. केंब्रिज विद्यापीठ त्याला एम.ए. द्यायला काचकूच करत होतं, कारण तो फ्रान्समध्ये रीम्सला कॅथलिकांत जाणार अशी वदंता होती. कौन्सिलने कळवलं की त्याने राणीची चांगली सेवा केली आहे, पदवी द्या. कसली सेवा, हे त्यात कुठेही नाही. पत्रं नेली असतील. त्यावरून 'फॉस्टस'पासून सगळ्या नाटकांत हेरगिरी वाचणं म्हणजे उत्तर ठरवून गणित करणं.

दोन. आडून ऐकणं ही रंगभूमीची जुनी युक्ती आहे. प्लॉटसच्या रोमन सुखात्मिकांत गुलाम दाराआडून ऐकतातच. शाळेत लॅटिन शिकलेल्या प्रत्येक इंग्लिश नाटककाराला ते पाठ होतं. त्यासाठी वॉल्सिंगहॅमची गरज नाही.

नेपथ्य

तर्कटराव, पहिला मुद्दा मान्यच. १५८७ च्या ठरावावरून मीही 'सेवा' यापलीकडे काही म्हणणार नाही. मार्लोच्या चरित्रातून नाटकं उलगडायची मला गरजही वाटत नाही. मला जास्त बोलकी वाटते ती त्याच्याभोवतीची माणसं. रिचर्ड बेन्स बघा. हा रीम्सच्या कॅथलिक सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, विद्यार्थी म्हणून शिरला आणि तिथे १५८२ मध्ये पकडला गेला. १५९२ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या फ्लशिंगला तो आणि मार्लो एकाच खोलीत राहत होते. खोटी नाणी पाडण्याचा प्रकार झाला, बेन्सने जाऊन खबर दिली, आणि मग दोघांनी एकमेकांवर आरोप केले. पुढच्या वर्षी मार्लोच्या देवाधर्माविषयीच्या कथित विधानांची यादी सरकारला लिहून देणाराही हाच बेन्स.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी अडून राहणार. प्लॉटसचा गुलाम ऐकतो आणि जिंकतो. ऐकलेल्याच्या जोरावर तो मालकाला खेळवतो. इथे उलटं होतं. टॉमस किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'तला पेद्रिंगानो घ्या. बेल-इम्पेरियाचा प्रियकर कोण, हे काढून घ्यायला तिचा भाऊ लोरेन्झो तिच्या नोकराला एका दमात पैशाचं आमिषही दाखवतो आणि तलवारही उपसतो. पेद्रिंगानो बोलतो. पुढच्या प्रसंगात दोघं प्रेमाचं बोलताहेत आणि वर सज्जात लोरेन्झो आणि बाल्थाझार त्यांचं प्रत्येक वाक्य टिपताहेत. प्रेक्षकांना दोन्ही मजले एकाच वेळी दिसतात. मग पेद्रिंगानोकडून एक खून करवून घेतला जातो, तो पकडला जातो, आणि लोरेन्झो निरोप पाठवतो की घाबरू नकोस, तुझी माफी या पेटीत आहे. फाशीच्या तख्तावर तो बिनधास्त बोलत राहतो, कारण पेटी घेऊन पोऱ्या समोर उभा आहे. पेटी रिकामी आहे. पोऱ्याने ती आधीच उघडून पाहिलेली आहे, आणि ते आपल्यालाही ठाऊक आहे.

हे नाटक १५८७ च्या आसपासचं. मे १५९३ मध्ये लंडनमधल्या डच चर्चच्या भिंतीवर परदेशी व्यापाऱ्यांविरुद्ध एक धमकीचं पद्य चिकटवलेलं सापडलं. खाली सही 'तँबर्लेन', म्हणजे मार्लोचा नायक. धरपकड झाली, किडच्या खोलीची झडती झाली आणि त्यात पाखंडी ठरवलेले कागद सापडले. त्याचे हाल केले गेले. तो म्हणाला, कागद मार्लोचे आहेत, दोन वर्षांपूर्वी आम्ही एकाच खोलीत लिहायचो तेव्हा माझ्या कागदांत मिसळले. मार्लो मेल्यानंतर त्याने लॉर्ड कीपर पकरिंगला लिहिलेली पत्रं आहेत, त्यांत मार्लो काय काय बोलायचा हे तो सांगतो आणि आपल्या आश्रयदात्याने पुन्हा जवळ करावं म्हणून गयावया करतो. मेलेल्या मित्राविरुद्ध खबर. नोकरी परत मिळाली नाही. १५९४ मध्ये किड मेला.

पेद्रिंगानो आधी लिहिला, खोलीची झडती नंतर झाली. त्यामुळे हे चरित्रातून आलेलं नाही, हे तुमचं म्हणणं इथेही खरंच ठरतं. पण ज्या माणसाने ती पेटी लिहिली, त्याला त्या व्यवस्थेचा अंदाज होता एवढं तर म्हणता येईल.

पिंपळपान

सगळे हेर राजकारणातले आणि रक्तबंबाळ आलेत. बाजारातला खबऱ्या राहिला.

इंग्लंडमध्ये अनेक कायदे असे होते की गुन्हा दाखवून देणाऱ्याला दंडातला अर्धा वाटा मिळायचा. सरकारकडे पोलीस नव्हते, म्हणून अंमलबजावणी अशी बाहेर दिलेली. त्यातून खबर देणं हा पूर्णवेळ धंदा झाला. खुद्द नाटकवाल्यांवरही तीच टांगती तलवार आली. १६०६ च्या कायद्याने रंगमंचावर देवाचं, ख्रिस्ताचं नाव थट्टेने वा शपथेत घेतलं तर दर वेळी १० पौंड दंड, अर्धा राजाचा, अर्धा फिर्याद करणाऱ्याचा. म्हणजे तिकीट काढून आलेला कुणीही माणूस कान टवकारून बसला तर कमाई करू शकत होता. 'ऑथेल्लो'च्या १६२२ च्या प्रतीत इआगोच्या तोंडी असलेल्या शपथा १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, गाळलेल्या दिसतात.

मिडलटनच्या 'अ चेस्ट मेड इन चीपसाइड' (१६१३) मध्ये असे दोन खबरे आहेत. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, मांसविक्रीला बंदी. हे दोघं रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टोपल्या तपासतात आणि सापडलेलं मांस स्वतःच्या घरी नेतात. ज्याने आधीच चिरीमिरी दिली आहे त्याला सोडतात. मग एक मुलगी टोपली घेऊन येते, पकडली गेल्याचं नाटक करते. वर मटणाचा तुकडा दिसतोय. ती म्हणते, मी मालकांना आणून दाखवते, मी परत येईपर्यंत टोपली सांभाळाल अशी शपथ घ्या. ते घेतात. ती गेल्यावर मटणाखाली हात घालतात तर खाली तान्हं मूल! शपथ घेतलेली, त्यामुळे पोसणं आलं.

मला हा त्या काळातला सर्वांत समाधान देणारा प्रसंग वाटतो. कुणी सरदार नाही, कारस्थान नाही. गरीब घरातली एक बाई आपल्या मुलाचं पोट भरायचं ओझं त्यांच्या गळ्यात घालते जे गरिबांच्या टोपल्यांवर जगत होते.

नेपथ्य

पिंपळपान, यासाठी मनापासून आभार. मी राजवाड्यांतच अडकलो होतो. लेंटचा खबरा आणि पोली हे एकाच धंद्याचे दोन मजले आहेत हे असं समोर ठेवल्यावर दिसतं.

गारवा

बेन जॉन्सन अजून कसा आला नाही? त्याच्याइतका खबऱ्यांनी पिडलेला नाटककार दुसरा नसेल.

१५९७ मध्ये नॅशबरोबरच्या 'आइल ऑफ डॉग्ज' या नाटकावरून मार्शल्सीच्या तुरुंगात गेला. ते नाटक इतकं नष्ट झालं की आज एक ओळ उरलेली नाही. पुढे म्हातारपणाकडे झुकलेला असताना त्याने ड्रमंड या स्कॉटिश कवीला सांगितलं की एलिझाबेथच्या काळात तुरुंगात असताना माझ्याजवळ दोन हलकट माणसं पेरली होती, पण पहारेकऱ्याने मला सावध केलं. न्यायाधीशांना माझ्याकडून 'हो' आणि 'नाही' यापलीकडे काही मिळालं नाही. हेरांवर त्याची तीन ओळींची कविता आहे: तुम्ही राज्याचे दिवे आहात, पण हलक्या चरबीचे, जळून वातीच्या टोकाला आलात की घाण सुटते आणि तुम्हाला फेकून देतात. आणि मित्राला जेवायला बोलावणाऱ्या कवितेत तो पदार्थांची यादी देतो, वाइन किती ते सांगतो, कुठले लेखक वाचू ते सांगतो, आणि मग आश्वासन देतो की आपल्यात कुणी पोली किंवा पॅरट नसेल. तोच पोली, नेपथ्य!

ही ओळ मला फार लागते. जेवणाच्या आमंत्रणात हे सांगावं लागतं.

'सिजेनस' (१६०३) हे तर अख्खं नाटक खबऱ्यांवर आहे. रोममध्ये टायबेरियसचं राज्य, आणि सिजेनस त्याचा उजवा हात. सबायनस या सरळ माणसाला लाटिआरिस घरी बोलावतो, त्याच्याच मनातलं बोलतो, त्याला उघडं होऊ देतो. छप्पर आणि छत यांच्या मधल्या पोकळीत दोन सिनेटर लपून ऐकताहेत. मग खाली उतरतात आणि अटक. हे रोमन इतिहासकार टॅसिटसमध्ये जवळपास असंच आहे, आणि तिथे कारणही दिलंय: त्यांना कॉन्सल व्हायचं होतं आणि त्या पदाकडे जाणारी वाट सिजेनसच्या मर्जीतूनच होती. नोकरीच!

या नाटकावरून जॉन्सनला प्रिव्ही कौन्सिलसमोर उभं केलं, आरोप पोपनिष्ठेचा आणि देशद्रोहाचा. १६०५ मध्ये छापताना त्याने पानांच्या कडेला लॅटिन ग्रंथांचे संदर्भ ठासून भरले. प्रत्येक वाक्याला साक्षीदार. खबऱ्यांच्या काळात लिहिणारा माणूस असाच लिहिणार. मूळ प्रयोगाच्या नटांच्या यादीत शेक्सपिअरचंही नाव आहे.

तर्कटराव

गारवा, +१. मला यात जोडावंसं वाटतं ते हे की जॉन्सनला दोन प्रकारच्या खबऱ्यांचा राग होता. एक कान लावणारा, दुसरा अर्थ लावणारा. 'पोएटॅस्टर' (१६०१) मध्ये नाटकमंडळीकडून राजदंड वगैरे सामान भाड्याने नेलं गेलं एवढ्यावरून लुपस हा अधिकारी राजद्रोहाचा कट शोधून काढतो. 'बार्थोलोम्यू फेअर' (१६१४) च्या प्रास्ताविकात प्रेक्षकांशी रीतसर करारच होतो की तुमच्यात नाटकाची कुलपं फोडणारा, ही आल्याचा पाव विकणारी म्हणजे कोण आणि ती डुकराचं मांस विकणारी म्हणजे कोण असं हुडकणारा कुणी बसू देऊ नका.

अवांतर: मराठी वाचकाला इथे 'कीचकवध' आठवणारच. खाडिलकरांच्या १९०७ च्या नाटकात कीचक म्हणजे कर्झन असा अर्थ सरकारने लावला आणि १९१० मध्ये बंदी घातली. तिथे अर्थ लावणारे बरोबरच होते, हा फरक आहे. आणि 'हॅम्लेट' मराठीत आणणाऱ्या आगरकरांचं 'विकारविलसित' तर डोंगरीच्या तुरुंगाशी जोडलेलं आहे. तिथे बसून पोलोनियसची वाक्यं मराठीत करताना त्यांना काय वाटलं असेल, असा विचार मनात येतो.

सदाफुली

नेपथ्य, बोसोला राहिला.

नेपथ्य

हो, त्यासाठीच परत आलो.

बोसोला पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो कार्डिनलकडे आपली थकबाकी मागतो आहे. तुमच्या कामापायी गलबतांवर वल्ही मारली, मला काय मिळालं? कार्डिनल त्याला झटकतो. मग भाऊ फर्डिनंड सोन्याची नाणी पुढे करतो, आणि बोसोलाचा पहिला प्रश्न असतो, कुणाचा गळा कापायचा? गळा नाही, फर्डिनंड सांगतो. विधवा बहिणीच्या, म्हणजे डचेसच्या, घरात राहायचं, तिच्यावर नजर ठेवायची, तिला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही. वर त्याला तिच्या तबेल्याच्या कारभाऱ्याची जागा मिळवून दिलेली आहे. बोसोला ती नाणी परत करू पाहतो. यातून मी विश्वासघातकी होईन, हे तो आधीच जाणतो. आणि घेतो.

ही नेमणूक वेबस्टरची स्वतःची आहे. इटालियन कथाकार बांदेल्लोच्या मूळ कथेत या नावाचा माणूस फक्त शेवटी, डचेसच्या नवऱ्याला मारायला उगवतो. वेबस्टरने त्याला पहिल्या अंकापासून घरात आणून बसवलं आणि नाटकाचा निम्मा भार त्याच्यावर टाकला. १६२३ च्या छापील प्रतीत पहिल्या नटसंचाची नावं आहेत. त्यात बोसोलाचं काम जॉन लोविनचं, फर्डिनंड बरबेजचा.

तो तिला ताजी जर्दाळू देतो आणि तिच्या खाण्यावरून गर्भारपण ओळखतो. पण बाप कोण, हे त्याला वर्षानुवर्षं कळत नाही. कळतं ते तिसऱ्या अंकात, आणि ते पाळतीने कळत नाही. डचेसने आपला गुप्त नवरा, कारभारी अंतोनिओ, याला वाचवायला त्याच्यावर अफरातफरीचा खोटा आळ घेऊन हाकललं आहे. बाकीचे नोकर लगेच अंतोनिओच्या नावाने बोटं मोडतात. बोसोला एकटाच त्याची बाजू घेतो, म्हणतो, असा गुणी माणूस तुम्ही घालवलात. आणि डचेस इतक्या दिवसांनी कुणीतरी खरं बोललं म्हणून भारावून सांगून टाकते, तो माझा नवरा आहे.

आता तो खरं बोलत होता की गळ टाकत होता? मी हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी मला ठरवता येत नाही, आणि बोसोलालाही आलं असेल असं वाटत नाही. त्यानंतर तो एकटा उरतो आणि स्वतःच्या धंद्याला नीच म्हणतो, आणि त्याच श्वासात हिशेब करतो की आता आपली बढती नक्की.

चौथ्या अंकात डचेस मेलेली आहे. बोसोला मोबदला मागतो. फर्डिनंड म्हणतो, तुला या खुनाची माफी देतो, हाच मोबदला. पेद्रिंगानोच्या रिकाम्या पेटीनंतर पंचवीसेक वर्षांनी पुन्हा तीच पेटी.

पिंपळपान

एक शंका. सगळे नाटककार हेरांचे बळी, असं चित्र होतंय. त्यांच्यातलं कुणी दुसऱ्या बाजूला नव्हतं?

नेपथ्य

होते. अँटनी मन्डी १५७९ च्या सुमारास रोममधल्या इंग्लिश कॉलेजात राहून आला, परतल्यावर त्याने कॅथलिक पाद्री एडमंड कँपियन आणि त्याच्या सोबत्यांविरुद्ध लिहिलं, साक्षही दिली, आणि पुढे कॅथलिकांचा कर्दनकाळ असलेल्या टॉपक्लिफसाठी कामं केली. हाच मन्डी 'सर टॉमस मोर' या नाटकाच्या हस्तलिखिताचा मुख्य लेखनिक, म्हणजे कॅथलिक हुतात्म्यावरचं नाटक. ते नाटकांचा सरकारी परीक्षक टिल्नीने दंगलीच्या प्रसंगांवरून अडवलं.

आणि जॉन्सनही. ऑक्टोबर १६०५ मध्ये तो स्ट्रँडवर एका जेवणाला होता. जेवायला रॉबर्ट केट्सबी आणि त्याचे साथीदार. महिन्याभरात पार्लमेंट उडवण्याचा त्यांचा कट उघडकीला आला. ७ नोव्हेंबरला प्रिव्ही कौन्सिलने जॉन्सनला अधिकारपत्र दिलं की एका पाद्र्याला संरक्षणाची हमी देऊन कौन्सिलपुढे आण. त्याने ८ तारखेला राजाचा मंत्री सॉल्सबरी याला लिहिलेलं पत्र शिल्लक आहे: व्हेनिसच्या वकिलाच्या चॅप्लेनमार्फत प्रयत्न केला, पण माणूस सापडत नाही, मी मात्र सेवेला तत्पर आहे. त्याने मनापासून शोधलं की वेळ मारून नेली, हे त्या पत्रावरून कुणी कसंही वाचू शकतं. तो स्वतः तेव्हा कॅथलिक होता आणि जानेवारी १६०६ मध्ये त्यावरून चर्चच्या न्यायालयात उभा होता.

त्याच सुमारास त्याने पाच आठवड्यांत 'व्होल्पोनी' लिहिलं. त्यात सर पॉलिटिक वुड-बी हा इंग्लिश प्रवासी आहे, ज्याला कोबीच्या गड्ड्यांतून गुप्त बातम्या येताना दिसतात. पेरेग्रीन त्याला खोटंच घाबरवतो की तुझ्याविरुद्ध खबर गेली आहे, अधिकारी येताहेत. सर पॉल कागद जाळायला सांगतो आणि कासवाच्या कवचात शिरतो. मी हा प्रसंग आधी निव्वळ फार्स म्हणून वाचला होता. ८ नोव्हेंबरच्या पत्रानंतर तो वाचताना कवचाआतल्या माणसाची भीती जास्त ऐकू येते. गारवा, तुम्ही जॉन्सन बारकाईने वाचलेला दिसतो, तुम्हाला तो प्रसंग कसा वाटतो ते वाचायला आवडेल.

गारवा

सर पॉलचं कवच काढल्यावर तो काय म्हणतो ते पुन्हा पाहिलं. आता ही जागा आणि हे हवामान कायमचं सोडून जाईन, असं तो म्हणतो. पकडायला कुणी आलेलंच नव्हतं, तरी तो देश सोडतो. त्याच अंकात पुढे व्होल्पोनीला न्यायालय साखळदंडांत घालतं, त्याच्या साथीदार मोस्काला गलबतावर धाडतं. खऱ्या गुन्हेगारांना शिक्षा खऱ्या न्यायाधीशांकडून. सर पॉलला मात्र नुसत्या खबरीच्या अफवेनेच हद्दपार केलं. तुम्ही म्हणता ती भीती मला तिथेच दिसली, कवचापेक्षा त्या निघून जाण्यात.